स्विफ्टअण्णा

निपाणीत बँकेच्या दारात, पासबुक छापायच्या मशीनपाशी, अण्णा उभे असतात. नोकरी तिथं नाही, कामही नाही. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत वजनं टिपण्यात गेली. आता लेक दुबईत आणि अण्णा बँकेत. लेकानं पहिल्यांदा पैसे धाडले तेव्हा अण्णांनी स्विफ्ट कोड म्हणून पासबुकावरचा आयएफएससी ठोकून दिला. पैसे गावोगाव हिंडून दहाव्या दिवशी दुबईला परत! तेव्हापासून अण्णा या विषयातले अधिकारी. गाव त्यांना स्विफ्टअण्णा म्हणतं. बुडाखाली मात्र लूना.

"अकरा अक्षरं दिसली म्हणून फसू नको," कुणालाही गाठून ते सांगतात. "पाचव्या जागी शून्य असलं की आयएफएससी. ते देशातल्या देशात. स्विफ्टात पहिली चार बँकेची, दोन देशाची, दोन मुक्कामाची. शेवटची तीन शाखेची, ती नसली तरी चालतंय."

ऐकणारा बिचारा केवायसीला आलेला असतो.

"मग आपल्या शाखेचा कोड कुठला?"

"आपल्याला कुठला आलाय! मोठ्या शाखेचा घालायचा, खाते नंबर आपला."

हे सांगताना आवाज खाली येतो, आणि खिशातनं विड्यांच्या बंडलाचा कागद वर येतो. त्यावर स्टेट बँकेचा कोड: एसबीआयएन, आयएन, बीबी. अण्णा बीबीवर बोट ठेवतात. "बीबी म्हणजे बॉम्बे! कर्नाटकातनं महाराष्ट्रात घ्या म्हणून १९५६ पासनं आम्ही ओरडूलोय, २००४ पासनं दावा सुप्रीम कोर्टात. खरं लेकाचा पैसा बघ, आधी मुंबई गाठतोय, मग निपाणी." १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हाही त्यांनी लेकाला फोन करून बजावलं होतं, की पत्त्यात काय लिहायचं ते लिही, कोडात राज्य विचारतच नाहीत.

स्विफ्ट ही संस्था १९७३ साली बेल्जियमात निघाली. तिचं मुख्यालय ब्रुसेल्सजवळच्या ला हुल्पला आहे. गाव फ्रेंच बोलणारं, आणि वेस ओलांडली की डच. हे नातवानं सांगितल्यापासून अण्णांना ती संस्था भावकीतली वाटते. "तिथं पण निपाणीच की रे!"

एवढ्यात वॉचमन येतो. "अण्णारे, बाजू सरीरी."

"आत्रि, आत्रि," म्हणत अण्णा अस्खलित कानडीत त्याच्या पोरांची चौकशी करतात, कागदाची घडी घालतात आणि दोन पावलं सरकतात. मशीनच्या दुसऱ्या बाजूला.