दाजी आणि शेचाळीसचा गुणक

आमचे दाजी बँकेत अधिकारी आहेत. संध्याकाळी रोकड जुळवताना एका रुपयाचा फरक निघाला की ज्यांच्यामुळे सगळी शाखा ताटकळते, ते हेच. डोंबिवलीला घरी पोचले की हातपाय धुतात, चहा घेतात आणि टेबलाखाली शिरतात. तिथे त्यांचा प्रोसेसर असतो.

प्रोसेसर २०११ सालातला, इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के. कंपनीने विकला ३.३ गिगाहर्ट्‌झला, म्हणजे शंभरचं घड्याळ गुणिले तेहतीस. नावातला तो शेवटचा ‘के’ गुणक वाढवायची मुभा देतो. ही मुभा नसती तर दाजी एव्हाना भजनी मंडळात असते. तसा त्यांचा हात बसला तो १९९८ च्या सेलेरॉन ३००ए वर. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद, पण बोर्डावरचं ६६ चं घड्याळ १०० केलं की तीनशेचा गडी साडेचारशेने पळायचा. ही कथा दाजी अजून सांगतात. ऐकणारा उठून गेला तरी सांगतात.

सध्याचा गुणक आहे ४६. वेग वाढवला की प्रोसेसर व्होल्टेज मागतो आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२ चं १.४ केलं की तेवढ्यानेच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताप, वेगाचा वेगळा. त्यात बाहेर डोंबिवलीचा मे महिना. थंडीत रात्रभर टिकलेली सेटिंग उन्हाळ्यात पाच मिनिटांत झोपते. दाजींचे सगळे विक्रम डिसेंबरातले आहेत, हे त्यामुळेच.

स्थैर्य तपासायला ते प्राइम९५ लावतात. हा मुळात मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्यांचा प्रोग्राम. दाजींना मूळ संख्यांशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवा असतो तो पडद्यावरचा एक संदेश : राउंडिंगची चूक ०.४ च्या आत हवी होती, ती ०.५ निघाली. म्हणजे गणित भराभर होतंय, फक्त चुकतंय. हे दिसलं की दाजींच्या चेहऱ्यावर शाखेतला तो रुपया सापडल्याचं तेज येतं. वही उघडते. “१०१ आला तर व्होल्टेज वाढवायचं,” ते मला निळ्या स्क्रीनवरचे आकडे समजावतात, “आणि १२४ आला तर वाढवायचं किंवा कमी करायचं.”

“यातलं नक्की काय, दाजी?”

“तेच तर शोधायचं असतं रे!”

एका वेळी एकच सेटिंग बदलायची, हा नियम त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे. पाळतात मात्र पाच-सहा पानांपर्यंतच. मग एका रात्री गुणक, व्होल्टेज आणि रॅम तिन्ही हलवतात, बोर्ड सुरूच होत नाही, आणि बटणासारखा सेल काढून बायोस पुसावा लागतो. तो सेल हमखास कपाटाखाली घरंगळतो.

गेल्या महिन्यातला बिघाड फार देखणा होता. प्राइम९५ रात्रभर चाले, चारही कोअर पूर्ण भाराखाली, एक चूक नाही. सकाळी ताई लाइटबिल भरायला बसली की निळी स्क्रीन. दाजींनी हीटसिंक उतरवला, पेस्ट नव्याने लावली, रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या. कारण निघालं उलटंच. ताप कमी करायला त्यांनी व्होल्टेजमधून थोडं वजा केलं होतं. भार असताना ते खपून जाई. उसंत मिळाली की प्रोसेसर आपणहून वेग आणि व्होल्टेज खाली आणतो, तेव्हा ते जरा जास्तच खाली जाई आणि तो कोसळे.

“म्हणजे अहो, तुमच्यावरच गेलाय,” ताई म्हणाली. “बँकेत ठीक असता, रविवारी रिकामे बसलात की बिनसतं.”

दाजींना वेगाचं वेड आहे असं नातेवाईक समजतात. साफ चूक. वेग वापरण्यासारखं कुठलंही काम त्यांच्याकडे नाही. बँकेची स्टेटमेंटं ते मोबाइलवर बघतात. त्यांना लागतो बिघाड. वजा केलेलं व्होल्टेज परत दिल्यापासून प्रोसेसर सुतासारखा चालतोय, लाइटबिल पहिल्या फटक्यात भरलं जातंय, आणि दाजी जेवताना बोलत नाहीत. परवा ताईने स्वतःच सुचवलं, “सत्तेचाळीस करून बघा ना.”

तुमच्याकडे एखादा बंद पडणारा कॉम्प्युटर असेल तर जरूर कळवा. दाजी पैसे घेत नाहीत, चहा कमी साखरेचा घेतात. फक्त दुरुस्त झाला की त्यांना लगेच घरी पाठवा, नाहीतर ते तो वाढवायला बसतील.