ग्रीसची आराधीन

लातूरच्या बैठकीत भिंतीवर काय असावं, हे ठरलेलं आहे. सात पांढरे घोडे, तेही तोंड घराच्या आत करून धावणारे. बाहेर तोंड असलं तर लक्ष्मी त्यांच्याबरोबर निघून जाते म्हणे. नाहीतर राधाकृष्ण. पोरगं बारावीला असेल तर डोळे मिटलेला बुद्ध, म्हणजे निदान घरात एकाचं तरी चित्त एकाग्र. माझ्या मावसभावाने औसा रोडला घर बांधलं आणि पुण्याहून इंटिरिअरवाली आणली. तिने घोड्यांना रजा दिली आणि हॉलच्या भिंतीवर पाच फुटी बाई टांगली.

बाईही साधीसुधी नाही. तीन पायांच्या उंच तिवईवर बसलेली, अंगभर तांबडं वस्त्र, त्याचाच पदर डोक्यावरून पार कपाळाखाली, मान झुकलेली, डोळे मिटल्यासारखे. एका हातात डहाळी, दुसऱ्या हातात वाटी, आणि तिवईखालच्या भेगेतून वाफ वर येतेय. जॉन कॉलिअर या इंग्रज चित्रकाराने १८९१ साली रंगवलेली ही डेल्फीची पुजारीण. मूळ चित्र ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या कलादालनात आहे, लातूरला आली ती कॅनव्हासवर छापून. इंटिरिअरवालीच्या मते तिच्यामुळे हॉलला ‘मिस्टिक लूक’ आला. मावसभावाच्या मते तेवढ्यात तीन क्विंटल सोयाबीन आलं असतं. त्याची आडत आहे. तो हनिमूनचा खर्चसुद्धा क्विंटलमध्ये सांगतो.

वास्तुशांतीला मी नांदेडहून पोचलो, तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून चित्रापुढे उभी होती. मावशी तुळजाभवानीची आराधीन. गळ्यात कवड्यांची माळ, आणि घरात गाडी-बंगला असूनही नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणार म्हणजे मागणार. तिने चित्र खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “बाईच्या अंगात आलंय.”

“आई, ती ग्रीसची आहे,” मावसभाऊ म्हणाला.

“असंना. तिथं बी बायकाच असतील की. वाटीतलं तेल संपलं वाटतं हिचं. पोत कशानं पेटवावा बिचारीनं?”

मग मी सोफ्यावर बसून तिला बाईची हकिगत सांगितली, कारण ती वाचलेला घरात मी एकटाच होतो आणि असा मान नातेवाइकांत पुन्हा मिळत नसतो. या पुजारणीला पिथिया म्हणत. अपोलो देव तिच्या तोंडून बोलायचा. हिवाळ्याचे तीन महिने देव गावाला जायचा, उरलेल्या महिन्यांत सातव्या तिथीला एकच दिवस कौल. म्हणजे वर्षाचे दिवस नऊ.

“नवरात्रच की,” मावशी म्हणाली.

प्लुटार्क हा लेखक स्वतः तिथे पुजारी होता. त्याने लिहून ठेवलंय की त्याच्या वेळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरची, काही न शिकलेली बाई होती. मावशीने नुसती मान हलवली. ही माहिती तिला नवी नव्हती. कौलाआधी बकऱ्यावर गार पाणी शिंपडत, ते नखशिखांत शहारलं तरच देव बोलायला राजी. यावर मावशी पदर सावरून पुढे सरकली. आपल्याकडेही बकऱ्यावर पाणी टाकतात आणि त्याने अंग झाडल्याशिवाय पुढचं काही होत नाही. एकदा डेल्फीत बकरं शहारेना. कौल मागणारे परदेशचे, मोठे लोक. पुजाऱ्यांनी त्याला भिजवून भिजवून बळंच शहारवलं. पिथिया नाखुशीने आत गेली ती किंचाळत बाहेर आली आणि थोड्याच दिवसांत वारली.

“देवाला घाई करूलाले म्हणल्यावर दुसरं काय होईल?” मावशी म्हणाली, आणि उठून तिने चित्रातल्या बाईला हळदकुंकू लावलं. कॅनव्हासवर ते डागासारखं दिसतं, असं इंटिरिअरवालीला फोटो पाठवल्यावर तिने कळवलं.

भेगेतल्या वाफेवर मात्र मावशी गप्प झाली. २००१ साली काही शास्त्रज्ञांनी मांडलं की डेल्फीच्या देवळाखाली दोन भ्रंश एकमेकांना छेदतात आणि तिथून गुंगी आणणारा वायू येत असावा. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण जमीन बोलते, हे लातूर जिल्ह्यात कुणाला पटवावं लागत नाही. किल्लारीकडे १९९२ सालीच धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने काय झालं ते माहीत आहेच. जमिनीने कौल दिला होता. तिथे तिवई टाकून अर्थ सांगणारं कुणी नव्हतं.

बाकी अर्थ सांगणाऱ्यांची या गावात वाण नाही. चित्राखाली बसलेल्या पाहुण्यांपैकी एक जण मुलाला नीटच्या क्लासला घालून आले होते. तिथले सर म्हणाले होते, “पोरगा हुशार आहे. मनावर घेतलं तर नंबर लागेल.” पाहुणे हे वाक्य सगळ्यांना ऐकवत होते. कधी, कुठे आणि मनावर कुणी घ्यायचं, हे विचारायच्या आत त्यांनी फीचा पहिला हप्ता भरला होता.

अशा वेळी मला लिडियाचा राजा क्रीसस आठवतो. त्याने पिथियाला विचारलं, पर्शियावर चाल करू का? ती म्हणाली, केलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल. राजा खूश. साम्राज्य बुडालं ते त्याचंच. त्याने तक्रार घेऊन माणसं पाठवली, तर उत्तर मिळालं की कुणाचं, ते तू विचारलंच नाहीस. मला विचाराल तर बाईची काही चूक नाही. डेल्फीला सोन्याच्या विटा तो आधीच पोचत्या करून बसला होता.

जेवणं झाल्यावर मावसभाऊ हळूच आईजवळ सरकला. चित्राकडे बोट करून म्हणाला, “विचार की तिला. सोयाबीन आता काढू का ठेवू?”

मावशीने डोळे मिटले. सुनेने पंखा बंद केला. “विकलास तर पैसा हातात येईल,” मावशी म्हणाली, “आणि ठेवलास तर माल घरात राहील.”

“बघा दादा,” मावसभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, “ठेव म्हणूलाली.” गोदामाचं तीन महिन्यांचं भाडं त्याने आदल्याच दिवशी भरलं होतं.