देशाचा आकडा बसवायला शिका

अभिनंदन! देशात किती जणांना काम आहे, भाव किती चढले आणि एकूण उत्पन्न किती वाढलं, हे मोजायला तुम्ही निघालात. घरच्यांनी अडवलं नाही का? असो. साहित्य फारसं लागत नाही: एक प्रश्नावली, एक टोपली आणि एक पायाभूत वर्ष. पथ्य एकच. खोटा आकडा कधीही छापू नका. खोटं पकडलं जातं, शिवाय त्याची गरजही पडत नाही. व्याख्या नीट निवडली की खरा आकडाच मुकाट्यानं हव्या त्या जागी येऊन बसतो.

नवखे आहात म्हणून न्यूनगंड बाळगू नका, या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८७०च्या दशकात दादाभाई नौरोजींनी हिशेब मांडला की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न २० रुपये आहे, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या पोटापाण्यावर याहून जास्त खर्च होतो. सरकारला हे रुचलं नाही. १८८२ साली सरकारी हिशेबात तेच उत्पन्न २७ रुपये झालं, १९०१ साली लॉर्ड कर्झननं ते ३० वर नेलं. मधल्या काळात १८९६ पासून लागोपाठ दुष्काळ पडले, माणसं मेली, पण आकड्यानं हिंमत सोडली नाही. हा आदर्श समोर ठेवा आणि कामाला लागा.

१. बेकार शोधू नका, काम शोधा.

घरात शिरल्याबरोबर ‘नोकरी आहे का’ असं विचारणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. प्रश्न असा विचारा: ‘गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर तरी काम केलंत?’ समजा, समोर इंजिनिअर झालेला मुलगा आहे. तो म्हणेल, ‘नाही हो, दोन वर्षं अर्जच टाकतोय.’ धीर सोडू नका. खाली वडिलांचं किराणा दुकान आहे हे तुम्ही येताना पाहिलेलं आहे.

‘दुकानात बसता का कधी?’

‘बाबा जेवायला वर आले की बसतो.’

‘तासभर होतो?’

‘ते वामकुक्षी घेतात ना.’

झालं. लिहा: कोड २१, घरच्या व्यवसायातला बिनपगारी मदतनीस. पोरगं कामाला लागलं. पगार नाही, ही बाब गौण. मुलगा कुरकुरला तर त्याला सांगा की हा एका तासाचा नियम आपण काढलेला नाही, जगभर असाच चालतो. हे खरंच आहे, त्यामुळे ठासून सांगता येतं. मात्र जगात अनेक ठिकाणी बेकारभत्ता असतो आणि बेकार राहणं परवडतं, हा तपशील त्याला सांगत बसू नका.

२. बायकांना बढती द्या.

घरकाम करणाऱ्या बाईचा कोड ९२. हा कोड देशासाठी अशुभ, कारण ९२ म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. आता गोठ्यात चला. त्याच बाईनं डेअरीवर घालायच्या दुधासाठी म्हशीची धार काढली तर ती कामकरी, कोड २१. उरलेल्या दुधाचा चहा केला तर पुन्हा ९२. शेण काढलं तर कामकरी, त्याच शेणाच्या गोवऱ्या घरच्या चुलीसाठी थापल्या तर ९३, म्हणजे पुन्हा बाहेर. पहाटे पाच ते रात्री दहा ती या कोडांमधून ये-जा करत असते आणि कुठल्याच कोडाला सुट्टी नाही. तुम्ही फक्त योग्य वेळी, योग्य दारात उभं राहायचं.

फळ मिळतं. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, २०२३-२४ साली तो ४१.७ टक्के झाला. या वाढीतला मोठा वाटा खेड्यातल्या स्वयंरोजगाराचा, आणि त्यात हा आपला कोड २१ भरभरून. ‘नारीशक्ती’ असं शीर्षक द्या. म्हशीचा उल्लेख टाळा.

३. पीएफची खाती मोजा.

एखाद्या कारखान्यात १९ माणसं आहेत. विसावा लागला की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि वीसच्या वीस जणांची खाती उघडतात. नवा माणूस एक, नवी खाती वीस. कुठला आकडा छापायचा हे आता तुम्हाला कळलं असेल. कळलं नसेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून वाचा.

४. अहवाल वाईट आला तर घाई करू नका.

कधीकधी एवढं करूनही आकडा हट्टाला पेटतो. २०१७-१८ सालचा बेकारीचा दर ६.१ टक्के निघाला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं अहवाल मंजूर केला, पण तो बाहेर येईना. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, त्यातले एक हंगामी अध्यक्ष. आकडा वर्तमानपत्रात फुटला. अशा वेळी नवशिका घाबरून अहवाल जाहीर करून टाकतो. तुम्ही निवडणूक होऊ द्या. ३० मे रोजी शपथविधी झाला, ३१ मे रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. सोबत एक सूचनाही: पद्धत नवी असल्यानं जुन्या आकड्यांशी तुलना करू नये. ही सूचना पाठ करा, आयुष्यभर उपयोगी पडेल. आकडा सुधारला की तुलना करावी, बिघडला की करू नये.

अहवाल अगदीच अंगावर येत असेल तर तो रद्द करा. २०१७-१८ चं घरखर्चाचं सर्वेक्षण नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘गुणवत्ता’ नाही म्हणून मोडीत निघालं. याचा फायदा पुढच्या पायरीवर दिसतो.

५. टोपली जपून वापरा.

भाववाढ मोजायची म्हणजे सामान्य माणूस काय काय घेतो याची टोपली भरायची. लोक काय खातात-पितात हे घरखर्चाच्या सर्वेक्षणातून कळतं, आणि ते आपण आत्ताच मोडीत काढलं. हरकत नाही, जुनी टोपली आहे. २०११-१२ च्या सर्वेक्षणावर विणलेली २०१२ ची टोपली दशकाहून जास्त काळ चालली. तिच्यात खाद्यपदार्थ ४६ टक्क्यांच्या आसपास होते, आणि टांग्याचं भाडं व कॅसेटही होत्या. मुलीच्या क्लासची फी दुप्पट झाली म्हणून रडणाऱ्याला सांगा, कॅसेट महागली नाही.

आता टोमॅटो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं आणि देशाची महागाई ७.४४ टक्क्यांवर. तुम्ही काय करायचं? काहीही नाही. वर्षभर थांबायचं. पुढच्या जुलैत तुलना याच चढ्या भावांशी होणार, त्यामुळे दर आपोआप साडेतीनच्या आसपास आला. भाव खाली आले नव्हते, ते आधीच्या साडेसातावर आणखी साडेतीन टक्के चढले होते. पण ‘महागाई निम्म्यावर’ हे वाक्य व्याकरणानं आणि गणितानं निर्दोष आहे. गिऱ्हाईक भाजीवाल्याशी भांडेल, तुमच्याशी नाही.

थांबायला वेळ नसेल तर कांद्याला हात घाला. त्या जुन्या टोपलीत कांद्याचं वजन जेमतेम ०.६४ टक्के होतं, पण निवडणुकीत ते कितीतरी जास्त भरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लासलगावसकट नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. शेतकऱ्याच्या चाळीत कांदा सडू लागला की दिल्लीत आलेख सुधारतो. शेतकऱ्याबद्दल दोन शब्द सहानुभूतीचे बोला. त्याचं उत्पन्न किती घटलं हे विचारू नका, ते दुसऱ्या खात्याचं काम.

याउपर आकडा खाली येत नसेल तर अन्न आणि इंधन वगळून ‘गाभ्याची महागाई’ सांगा. जेवत नाही आणि चूल पेटवत नाही अशा नागरिकासाठी ती पुष्कळदा आटोक्यात असते. हा विचार इतका लोभस आहे की २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनं महागाईचं उद्दिष्टच अन्न वगळून ठरवावं का, अशी चर्चा छेडली.

६. राष्ट्रीय उत्पन्न वाढवायचं तर वर्ष बदला.

माल पिकवणं, यंत्रं चालवणं हे वेळखाऊ मार्ग. जानेवारी २०१५ मध्ये पायाभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ केलं, पद्धत बदलली आणि २०१३-१४ ची वाढ ४.७ टक्क्यांवरून ६.९ झाली. शेतात एक दाणा जास्त पिकला नाही, वर्षही सरून गेलेलं.

मागची वर्षं नव्या पद्धतीनं मोजताना मात्र जपा. २०१०-११ ची वाढ जुन्या मोजणीत १०.३ टक्के होती. २०१८ च्या उन्हाळ्यानंतर एका समितीच्या अहवालात ती दहाच्या वरच राहिली. म्हणजे श्रेय आधीच्या सरकारला! मंत्रालयानं लगेच खुलासा केला की हे आकडे अधिकृत नाहीत. नोव्हेंबरात अधिकृत आकडे आले, ते ८.५ टक्के. जाहीर करायला नीती आयोगाचे उपाध्यक्षही बसले होते. आकडेमोड करणाऱ्यांच्या शेजारी नियोजन करणारा बसला की धीर येतो.

कंपन्यांची यादी घेऊन पत्ते शोधत फिरू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७४व्या फेरीत सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांची अशी शोधाशोध झाली, तर ३६ टक्के एकतर सापडल्या नाहीत किंवा भलत्याच धंद्यात निघाल्या. हिशेबात मात्र त्या सुखानं नांदत होत्या.

उत्पन्नातून भाववाढ वजा करायची असते, तीही सौम्य हातानं. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत चालू भावांनी वाढ ८.७ टक्के, खरी वाढ ८.२. म्हणजे वर्षभरात भाव चढले अवघे अर्धा टक्का. घरमालकाला दाखवून पाहा. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं भारताच्या राष्ट्रीय लेख्यांना ‘सी’ दर्जा दिला. चारातला तिसरा. नापास नाही, हे महत्त्वाचं.

७. भागाकार टाळा.

‘जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एक’ म्हणा आणि थांबा. एकशे चाळीस कोटींनी भागलं की क्रमांक शंभराच्या बराच खाली जातो आणि सभेचा मूड जातो.

८. अंदाज भरपूर ठेवा.

एकाच वर्षासाठी पहिला आगाऊ अंदाज, दुसरा आगाऊ, तात्पुरता, पहिला सुधारित, दुसरा सुधारित, अशी रांग लावा. नोटाबंदीच्या वर्षाची, म्हणजे २०१६-१७ ची वाढ आधी ७.१ टक्के सांगितली होती. जानेवारी २०१९ मध्ये ती ८.२ झाली. बँकेच्या दारात पहाटे पाचपासून उभं राहणाऱ्यांना त्या वेळी हे जाणवलं नाही, त्याला तुम्ही काय करणार? तेव्हा पहिल्या आकड्यावर कोणी तुटून पडलं तर हुज्जत घालू नका. हा अंदाज आहे, एवढंच म्हणा आणि पुढच्या अंदाजाची तारीख द्या.