गुळगुळीत बाजू कुठली?

जून उजाडला की स्टेशनरीच्या दुकानाच्या दाराशी खाकी कागदाच्या गुंडाळ्या उभ्या राहतात आणि घरोघरी जुना वाद पेटतो: कव्हर घालताना गुळगुळीत बाजू वर घ्यायची की आत? वर घेणारे दिसण्याला जपणारे. आत घेणारे म्हणतात, खरखरीत बाजूवर लेबल पक्कं बसतं. या भांडणाचं मूळ कारखान्यात आहे. तिथे ओला कागद एका अवाढव्य, तापलेल्या, चकचकीत सिलिंडरला चिकटवून वाळवतात. त्याला लागलेली बाजू झळकते, दुसरी आहे तशीच राहते.

कागदाच्या चिवटपणाबद्दल आभार मानायचे ते कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाचे. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात दाबाखाली शिजवायची कृती त्याची. १८८४ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. लाकूड धरून ठेवणारं लिग्निन यात बरंचसं विरघळतं आणि धागे लांबच्या लांब सुटे होतात. रंग उडवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, तर कागद तपकिरीच राहतो.

या चिवटपणामुळेच तो सिमेंटची गोणी होऊ शकतो. गोणी रिकामी झाली की तिचे आतले थर झटकून वह्यांना कव्हरं घालणारी घरं गावोगाव होती. वही फाटायची, कव्हर नाही. शिंप्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेले ब्लाउजचे नमुनेही याच कागदाचे. गिऱ्हाइकाचं माप दर दिवाळीला बदलतं, पण कागद आपल्या मतावर ठाम असतो. हल्ली शाळा या खाकी कव्हरावर आणखी प्लॅस्टिकचं कव्हर घालायला सांगतात. पैलवानाला स्वेटर घालायचाच हा प्रकार!

पण त्याचा खरा दरारा पाकिटात. पांढऱ्या पाकिटातून लग्नाचं आमंत्रण येतं. खाकी पाकीट आलं की आधी चष्मा शोधला जातो, मग हात पुसले जातात. घराची कागदपत्रं, जन्मदाखले, कुणाच्या तरी पॉलिसीच्या पावत्या, सगळं त्यातच. आमच्या कपाटात ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहिलेलं एक पाकीट आहे. आत काय आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर निघतं, फडक्याने पुसलं जातं आणि न उघडता मानाने परत आत जातं.