नाल मारावा की नको

नानांनी पाखरीचा पाय उचलून मांडीवर घेतला की काकू आतूनच विचारतात, "किती जणांचा टाकू?" त्या एका पायाभोवती आता चार माणसं जमणार, हे त्यांना पाठ आहे. डेअरीला दूध घालायला निघालेला थांबतो, कुणी मोटारसायकल उभी करतो. नाना टरबूज पारखावं तसं खुरावर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि मान वर न करता म्हणतात, "तसं पाहिलं तर नाल मारायलाच पाहिजे." सगळे माना डोलावतात. तेवढ्यात पुढचं वाक्य येतं, "पण दुसऱ्या अंगानं बघा..."

नाना माझे चुलत चुलते. गंगाखेडच्या अलीकडे गोदाकाठी त्यांचं गाव. गावात ट्रॅक्टर मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, घोडी मात्र एकच. पाखरी रंगानं पांढरी, स्वभावानं नानांपेक्षा निश्चयी. लग्नसराईत पंचक्रोशीतले नवरदेव तिच्यावर बसून पारावर जातात. नाना त्याचे पैसे घेत नाहीत, टोपी-टॉवेल घेतात. तिला नाल मारावा की अनवाणी ठेवावी, हा प्रश्न ते सहा वर्षं सोडवत आहेत.

प्रश्न खोटा नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. आमची जमीन चिकण काळी. पावसाळ्यात नाल मारलेली घोडी तिच्यात घातली की चिखल तो नाल ओढून घेतो, आणि जाता जाता खुराचा कपचाही नेतो. त्या मऊ मातीत खूर फारसा झिजतही नाही, म्हणून अनवाणी घोडी मजेत असते. पण लग्नं सुरू झाली की तिच्या वाट्याला डांबर आणि खडी येते, आणि डांबर कानशीसारखं खूर खातं. बैलांच्या बाबतीत गावानं हा निकाल कधीच लावलाय. उसाची गाडी कारखान्याला ओढणाऱ्या बैलाला पत्र्या मारायच्या, नुसत्या औताच्या बैलाला नाही. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून चार पायांना आठ पत्र्या. दोर लावून पाडायचा, ठोकायच्या, विषय संपला. पाखरी मात्र आठ महिने औताच्या बैलासारखी राहते आणि चार महिने उसाच्या गाडीच्या. नेमक्या त्या सांध्यावर नाना अडकलेत.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा ते चुकवत नाहीत. माळेगाव तसं नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. पण घोड्याच्या माणसाला जिल्ह्याची हद्द नसते. तिथं गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे बघतं, देवमण शोधतं, दात मोजतं, रुमालाखाली बोटं धरून भाव करतं. नाना नुसते खाली बघत फिरतात, चप्पल हरवल्यासारखे. परत आल्यावर अहवाल ठरलेला, "निम्म्यांना होते, निम्म्यांना नव्हते." म्हणजे पुढच्या मार्गशीर्षापर्यंत तहकूब.

एकदा टेम्पो करून त्यांनी पाखरीला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. मी बरोबर होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चारही पाय नीट पाहिले. पांढरा खूर कच्चा नि काळा पक्का, हा समज त्यांनी पहिल्या मिनिटात निकालात काढला. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणाले. नाल मारलेत तर सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर कापून, पुन्हा मारावे लागतील. नाही मारलेत तरी खूर कापणं सुटत नाही. जमीन बघा, काम बघा आणि ठरवा. सगळं मिळून दहा मिनिटं. येताना नाना टेम्पोत गप्प होते. पोखर्णीच्या फाट्यापाशी बोलले, "माणूस हुशार हाय. पण लई लवकर बोलला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या नेलपॉलिशनं चारही खुरांवर, केसांच्या कडेखाली, लाल रेघा ओढल्या. आठ-दहा मिलिमीटर खरं का, ते बघायचं होतं. बियाणं कंपनीच्या डायरीत नोंदी सुरू झाल्या : "उजवा पुढचा, ४. डावा मागचा, मोजू दिला नाही." गावात आवई उठली की नानांनी घोडीला मेकअप केलाय.

पुढं पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं त्यांच्या डोक्यात नवा किडा सोडला. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनापतीनं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात नालाचं नावही नाही. उलट, घोडा बांधायच्या जागी गोल गोटे पसरा, त्यांवर उभा राहून खूर टणक होतो, असा सल्ला आहे. नाना हरखले. अंगणात गोट्यांचा थर पडला. पाखरीनं तो एकदा हुंगला आणि दावं पुरेल तितकी लांब, मातीवर जाऊन उभी राहिली. गोट्यांवरून पाय मुरगळला तो काकूंचा.

त्यावर नानांचा मोर्चा इतिहासाकडे वळला. "मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराला नालबंदी म्हणून पैसाच आगाऊ मिळायचा. मग नाल मारत असतीलच की नाही?" हिंगोलीच्या छावणीत निजामाच्या कंटिन्जंटचे घोडे असायचे, हेही ते सांगतात. मी म्हणालो, "नाना, हिंगोली आता वेगळा जिल्हा आहे." म्हणाले, "१९९९ ला झाला. घोडे तवा आपलेच होते."

काकूंचं म्हणणं वेगळं. नाना स्वतः चप्पल घालतात ती फक्त बाजारच्या दिवशी, तीही फाट्यापर्यंत हातात धरून. टाचेच्या भेगांत रुपया मावेल. "घोडीच्या खुराला तेल लावतेत," काकू म्हणतात, "स्वतःच्या पायाला कधी पाणी तरी लावा."

शेवटी गेल्या वैशाखात एका मोठ्या वरातीच्या आधी नालबंद चाचांना निरोप गेला. चाचा लुनावरून आले, गोणपाटाची गुंडाळी सोडली. नानांनी दोन्ही बाजू पहिल्यापासून मांडल्या. चाचांनी बिडी संपवली नि म्हणाले, "नाना, घोडी तुमची, खूर तुमचा, सोच बी तुमचीच. हमारे पास सिर्फ हथोडी है." मग पाखरीचा पुढचा पाय दोन मांड्यांत धरला. वाढलेला खूर धारेनं सोलत काढला, कानस मारून सपाट केला, थंडाच नाल लावून पाहिला, काढला, ऐरणीवर दोन घाव घालून पुन्हा लावला. खिळा खुराच्या बाहेरच्या जाड भिंतीतूनच जायला हवा. जरा आत गेला की जिवंत मांस. चाचा खिळा बघत नव्हते, ऐकत होते. प्रत्येक घावाला आवाज बदलत गेला, खिळ्याचं टोक बाहेर निघालं, त्यांनी ते मुरगळून तोडलं. एवढा वेळ नाना पाखरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते. घाम घोडीला नव्हता, त्यांना होता.

पुढचे दोन झाले. चाचा मागच्या पायाकडे वळले, तसा नानांनी हात आडवा केला. "थांबा. दोनच राहू द्या. बघू."

चाचा हसले नाहीत. घोड्याचा जास्त भार पुढच्या पायांवरच असतो, पुष्कळ जण पुढचेच मारतात, असं उलट त्यांनीच सांगितलं. नानांचा चेहरा उजळला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना दोन्हीकडून बरोबर ठरवलं होतं. काकूंनी ओट्यावरून हात जोडले, "न्हालं बाई गंगेत घोडं!"

निम्मंच न्हालं होतं. वरात निर्विघ्न झाली. पाखरी डांबरावर पुढून टक्‌टक्‌ आणि मागून गुपचूप चालली. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या वाटेवर पुढच्या डाव्या पायाचा नाल चिखलानं गिळला. आम्ही तिघं गुडघाभर गाळात हात घालून अंधार पडेपर्यंत शोधत होतो. सापडला नाही. नानांनी चाचांना बोलावून दुसरा नालही काढून घेतला आणि डायरीत लिहिलं, "तूर्त चारही अनवाणी. दिवाळीनंतर बघू."

हरवलेला नाल श्रावणात सोयाबीन खुरपताना सापडला. नानांनी तो राखेनं घासून लख्ख केला. दाराच्या चौकटीवर लावायचा ठरलं, खिळाही ठोकून झाला. मग नालाचं तोंड वर ठेवायचं की खाली, यावर शेजाऱ्याशी बोलणं निघालं. परवा जाऊन आलो. खिळा चौकटीवर आहे, नाल देवळीत आहे.