आवडेल तेथे, चुंगडीसह

विलायतेतील मोठ्या नगरांत प्रवाशाने एकदा पास घेतला की उघड्या टपाच्या दुमजली गाडीत वाटेल तेथे चढावे, वाटेल तेथे उतरावे, राजवाडा पाहून झाला की मागून येणाऱ्या गाडीत पुन्हा बसावे आणि त्या राजवाड्यात कोणाचा शिरच्छेद केव्हा झाला हे कानातल्या नळीतून ऐकत पुढच्या स्थळी पोहोचावे, अशी सोय असते, हे तिकडून जाऊन आलेली माणसे ज्या स्वरात सांगतात त्या स्वराचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. आमच्या एसटीने १९८८ सालीच ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना काढून, शहरच नव्हे तर सबंध मुलूख पायाखाली घालण्याचा परवाना रयतेला बहाल केला, ही गोष्ट या मंडळींच्या गावीही नसते. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन पास मिळतात. टप उघडे नसते, एवढेच. कानात नळीही नसते, परंतु शेजारचा प्रवासी ती उणीव भरून काढतो, आणि त्याने सांगितलेला इतिहास बहुधा त्याच्याच चुलत्याने केलेल्या वाटणीच्या दाव्याचा असल्यामुळे राजवाड्यापेक्षा पुष्कळ ताजा असतो.

माझी हयात सरकारी हिशेबतपासणीत गेली. अशा मनुष्याच्या हाती मुदतीचा पास पडला म्हणजे तो प्रवासी राहत नाही, वसुली कामगार होतो. पासाची रक्कम नावे टाकायची, प्रत्येक टप्प्याचे एरवी पडले असते ते भाडे जमेस धरायचे, आणि मुदत सरण्यापूर्वी जमेची बाजू जड झालीच पाहिजे, या एकाच ध्येयाने मी चार दिवसांचे दोन पास काढले. आमच्या सौभाग्यवतींच्या बाबतीत प्रकरण अधिक बिकट होते, कारण २०२३च्या मार्चपासून एसटीत स्त्रियांना तिकीटच अर्धे पडते. तेव्हा त्यांचा पास वसूल व्हायचा तर त्यांनी माझ्या दुप्पट फिरणे प्राप्त होते. हे गणित मी त्यांना कागदावर मांडून दाखविले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि त्याच कागदावर मागल्या बाजूला बरोबर न्यायच्या औषधांची यादी केली.

गोंदिया जिल्हा निवडला तो वनश्रीसाठी, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो. सौभाग्यवतींच्या मावसबहिणीचे घर आमगावात असल्यामुळे मुक्कामाचा खर्च शून्यावर येत होता, हा तपशील दप्तरी असावा म्हणून येथे नमूद करतो. पहिली एसटी पुण्याहून नगरला १ जून १९४८ रोजी धावली, तेव्हा ही भूमी मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. १९५६ साली ती मुंबई राज्यात आली, १९६० साली महाराष्ट्रात, आणि भंडाऱ्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९चा महाराष्ट्रदिन उजाडावा लागला. जिल्ह्यानेच इतकी स्थानके बदलली आहेत, तेथे आम्ही काही बदलली तर बिघडले काय?

आमगावच्या शेजारी पद्मपूर आहे. भवभूतीने आपल्या नाटकांत आपले मूळ गाव म्हणून विदर्भातल्या ज्या पद्मपुराचा उल्लेख केला ते हेच, असे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. आपल्या हयातीत रसिक भेटले नाहीत तर पुढे केव्हातरी, कोठेतरी एखादा जन्मेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वीही काही लहान नाही, असा धीर ज्याने स्वतःला दिला, त्या कवीचे जन्मग्राम बसथांब्यापासून जवळ असावे हे मला फार समर्पक वाटले.

परंतु आमचा खरा प्रवास आमगावच्या ओसरीवर सुरू झाला. मार्गशीर्ष चालू होता, नवा तांदूळ घरात आला होता, आणि निघते वेळी मावसबहिणीने साडूभाऊंकरवी एक चुंगडी आणवून माझ्या पायाशी ठेवली.

‘‘चिन्नोर आहे, भाऊजी. घरचा आहे. तुमच्या पुण्याले असा भेटत नाही.’’

चांगलाच जड होता. मी म्हटले, आम्ही अजून चार ठिकाणी चढणार, उतरणार, परतताना नेऊ. साडूभाऊंनी दाभणात सुतळी ओवता ओवता सांगितले की परतताना आम्ही या वाटेने येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि तोंड शिवून टाकले, चुंगडीचे आणि माझेही.

गाडीत वाहकाने आमचे पास उलटसुलट करून पाहिले, छायाचित्र माझ्याशी ताडून पाहिले, छायाचित्राची कीव केली, आणि नंतर त्याची दृष्टी खाली गेली.

‘‘पास तुमचा आहे, काका. चुंगडीचा कोठी आहे?’’

लगेज फाडावे लागले. पुढच्या गाडीत पुन्हा फाडावे लागले. पासाचा सारा महिमा चढण्या-उतरण्याच्या स्वातंत्र्यात असतो. पण चुंगडी त्या स्वातंत्र्याची हक्कदार नव्हती आणि आमच्या प्रत्येक उतरण्यागणिक तिचे नवे तिकीट निघत होते. एका बाजूने मी जे वसूल करीत होतो ते दुसऱ्या बाजूने ती खर्ची घालीत होती, आणि सालेकशापर्यंत माझ्या टाचणवहीत तिच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे लागले. तिला सोडून कोठे जाणे अशक्य झाल्यामुळे स्थलदर्शनाची वाटणी करावी लागली. दरेकशाचा हाजरा धबधबा सौभाग्यवतींनी पाहिला. मी चुंगडी पाहिली. माघी पौर्णिमेला गोंड बांधवांची अपार गर्दी ज्या कचारगडच्या गुहांत लोटते, त्या त्यांनी पायथ्यावरून पाहिल्या. मी चुंगडीवर बसून त्यांना पाहिले. सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः याच बाजूच्या बांध्यांतून उरला आहे, आणि त्याची एक जोडी, लाल मानेची, माणसाच्या उंचीची, कापणी झालेल्या धानाच्या शेतात उभी असलेली, साऱ्या गाडीने डावीकडे माना वळवून पाहिली. मी त्या क्षणी उजवीकडे कलंडणारी चुंगडी धरून होतो.

देवरीहून महामार्गाने आम्ही कोहमाऱ्याला आलो आणि तिथून नवेगावबांधाकडे जाणारी सायंकाळची गाडी धरली. गाडी शाळेतून परतणाऱ्या मुलींनी भरली होती. पास म्हणजे आसन नव्हे हे तत्त्व तोवर माझ्या पायांना अवगत झाले होते. चुंगडी मधल्या वाटेत उभी केली आणि मी वरचा दांडा धरला. एवढ्यात एक वृद्ध बाई आल्या, हिरव्या काठाचे लुगडे, हातात पिशवी. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे वाहकापुढे आधारकार्ड धरून त्यांनी विषय संपविला आणि माझ्याकडे वळल्या.

‘‘बसू का जी याच्यावर?’’

उत्तर मिळण्यापूर्वीच त्या बसल्या होत्या. बसल्यावर त्यांनी वाकून श्वास घेतला. ‘‘चिन्नोर आहे. वासानंच समजते.’’

माझ्या पासावर मला मिळाले नव्हते ते आसन माझ्या लगेजाने त्यांना मिळवून दिले, हे मी मनोमन जमेस धरावे की खर्ची, याचा निर्णय होण्याच्या आधीच, जंगलातल्या एका वळणावर, एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन विचार करीत उभी राहिली. चालकाने करकचून ब्रेक दाबला. आजी पुढे गेल्या, चुंगडी मागे राहिली, आणि साडूभाऊंची सुतळी या दोघींच्या मध्ये तुटली.

तांदूळ सांडतो तेव्हा प्रथम आवाज होतो, सरसर, पावसाची सर पत्र्यावरून सरकावी तसा. मग तो निघाला. गाडी थांबताना चालकाच्या आसनापर्यंत गेला, सुटताना मागच्या दारापर्यंत आला, वळणावर बाकांखाली शिरून चपलांची विचारपूस करून परतला. आणि त्या क्षणी साऱ्या गाडीने, कोणी काही न सांगता, एकदम पाय वर घेतले. मुलींनी बाकावर मांड्या घातल्या. धोतरातले एक गृहस्थ दोन्ही पावले हातांत धरून बसले. वाहक मागल्या दाराशी अर्धे पाऊल उचललेल्या अवस्थेत अडकला. पुढे नवे चढलेले प्रवासी, मागे तो, आणि मध्ये अन्न. तिकिटाचे पैसे हातोहात मागे गेले, तिकिटे हातोहात पुढे आली. तांदळाच्या दाण्यावर पाय ठेवायला त्या गाडीत एकही मनुष्य तयार नव्हता.

एक अपवाद सांगितला पाहिजे. पुढच्या बाकावरचा एक तरुण दूरध्वनी उंच धरून या प्रकाराचे चित्रण करू लागला आणि मला म्हणाला, ‘‘अंकल, इकडे बघा ना.’’ सबंध प्रवासात मला राग आला तो एवढ्याच वेळी, आणि तो अजून उतरलेला नाही.

आजींनी मात्र सेनापतीचे पद न मागता घेतले. मुलींना बूट काढून खाली उतरविले, त्यांच्या डब्यांची झाकणे गोळा केली, आणि कोहमाऱ्याच्या बाजारातून नवी सुपे नेणारा एक मनुष्य होता त्याच्याकडून एक सूप मागून घेतले. मग पुढे जे झाले ते मी पुण्यात कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही: धावत्या एसटीत, खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याची दिशा पाहून, आजी तांदूळ पाखडू लागल्या. धूळ, बडीशेपेचे कण, शेंगांची टरफले आणि जुन्या तिकिटांचे कपटे हे सारे वाऱ्यावर स्वार होऊन माझ्याकडे येत होते. तांदूळ सुपात राहत होता.

खालचा पत्रा नक्षीचा होता आणि त्याच्या खाचांत दाणे रुतले होते. आजी आकडा काढून एकेक दाणा उकरू लागल्या. मी म्हणालो, ‘‘राहू द्या आजी. मूठभर तर राहिलाय.’’

‘‘राहू कसं द्याचं जी?’’ त्या मान वर न करता म्हणाल्या. ‘‘दाना आहे.’’ मग आकडा चालू ठेवून, जणू शेजारच्या गावची बातमी द्यावी तसे त्यांनी सांगितले, ‘‘औंदा माज्या बांधीत तुडतुड्यानं काई ठेवलं नाही. धान भरलं होतं, आठ दिवसांत वारून गेलं.’’

हे बोलणाऱ्या बाई दुसऱ्याचा तांदूळ गुडघ्यांवर बसून वेचीत होत्या. मी दांडा सोडून खाली बसलो. हिशेबतपासनिसाच्या नजरेलाही बाकाखाली दाणे दिसतात, आणि मी वेचलेल्यांत खडे फार निघाले म्हणून एका मुलीने ते परत निवडले.

चुंगडी पुन्हा भरली. सुतळीला आतून गाठ कशी मारायची हे आजींनी सौभाग्यवतींना दाखविले. पायदळीचा, मातकट झालेला ओंजळभर तांदूळ तेवढा त्यांनी पदरात बाजूला घेतला होता: ‘‘हा नाही खाचा तुमी. कोंबड्याईले घालतो.’’ त्यावर सौभाग्यवतींनी चुंगडीत हात घालून निवडलेला, पांढरा चिन्नोर त्या पदरात ओतला. एक ओंजळ, दुसरी ओंजळ, तिसरी.

‘‘दोनच कोंबड्या आहेत जी माज्या,’’ आजी म्हणाल्या.

‘‘मग दोघींनाही पोटभर घाला,’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

आजींनी पदर खोचला आणि आपल्या फाट्यावर उतरून गेल्या.

या गडबडीत नवेगावबांधाचा तलाव मागे पडला. कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने तो बांधला असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली यांनी त्याच्या काठची वर्षे आपल्या पुस्तकांतून महाराष्ट्राला दिली. नागझिऱ्यासह त्याचे अरण्य २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तो तलाव पाहण्यासाठीच आम्ही त्या गाडीत चढलो होतो. पण पासाला असल्या गोष्टींचे वावडे नसल्यामुळे आम्ही थेट अर्जुनी मोरगावला उतरलो, आणि तेथे मी वाहकाला विनयपूर्वक सुचविले की मार्गात वजन घटले असल्याने लगेजाची रक्कम त्या प्रमाणात परत व्हावी.

‘‘काका,’’ तो म्हणाला, आणि त्याने खिशातून चार दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. ते त्याच्या बुटात गेले होते.

दुसऱ्या दिवशी गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण पाहिले. पाणी पुष्कळ आहे. पासाची मुदत शिल्लक होती आणि माझ्या वहीप्रमाणे अजून देवरीपर्यंत एक फेरी मारली असती तर जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती. परंतु सौभाग्यवती सकाळीच अर्जुनी स्थानकावर जाऊन गोंदियाची दोन रेल्वे तिकिटे घेऊन आल्या होत्या. खिशात चालू मुदतीचा पास असताना रोकड देऊन आगगाडीत बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मी खिडकीशी बसलो आणि सौंदड येईपर्यंत बोललो नाही.

सौंदडला टी.सी. चढला. त्याने हात पुढे करताच, चार दिवसांची सवय हाताला लागून गेली असल्यामुळे, मी पास काढून दिला. त्याने तो नीट वाचला, मागची बाजू वाचली, छायाचित्राशी मला ताडून पाहिले.

‘‘आवडेल तेथे,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘आणि तुम्हाला रेल्वे आवडली.’’

सौभाग्यवतींनी पर्समधून तिकिटे पुढे केली. ती पाहून झाल्यावर त्याने वाकून बाकाखाली नजर टाकली.

‘‘आणि ही?’’