नाटकावर निबंध लिहिण्याची सोपी रीत

निबंध नाटकावर असला तरी नाटक वाचायची घाई करू नका. वाचलं की प्रश्न पडतात, आणि आपल्याला हवी असतात उत्तरं. ती गाइडात मिळतात.

सुरुवात भरतमुनींपासून करा. नाटक कुठलंही असो. तिथून थेट १८४३च्या सांगलीत उतरा, विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' उरका आणि किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी पंगत बसवा. दिलेलं नाटक दुसऱ्या पानाच्या तळाशी आलं तरी चालतं.

समजा, तुमच्या वाट्याला तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं. १९६७ साली 'रंगायन'ने केलेलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारेबाई सुलभा देशपांडे. हे लिहून टाका आणि पुन्हा त्याकडे वळून पाहू नका. आता कथानक. हौशी नटमंडळी गावात प्रयोगाला येते, वेळ जावा म्हणून लुटुपुटीचा खटला खेळते, अविवाहित शिक्षिका बेणारे आरोपी होते आणि खेळ खेळ राहत नाही. हे 'मग' आणि 'त्यानंतर' घालून चार पानं ताणता येतं.

कंसातला मजकूर मात्र सोडून द्या. तिथे लेखक दाराच्या कडीबद्दल वगैरे लिहीत बसतो. बेणारे आत येते तेव्हा तिचं बोट कडीत सापडतं. पुढे ती निघून जायला बघते तेव्हा दार बाहेरून लागलेलं असतं. एखादा भाबडा विद्यार्थी इथे अडकतो. सापळा पहिल्याच प्रवेशात लावून ठेवलाय आणि तो बेणारेला, प्रेक्षकाला कोणालाच कळलेला नाही, असं त्याच्या डोक्यात येतं. मग तो वहीत रंगमंच आखतो, दार कुठल्या अंगाला असेल, बाकीचे कुठे बसले असतील, तिच्या आणि दाराच्या मध्ये कोण येतं, हे शोधत राहतो. त्याचा निबंध मुदतीत होत नाही.

व्यक्तिचित्रणात प्रा. दामल्यांना घेऊ नका, कारण ते रंगमंचावर येतच नाहीत. प्रकरणाच्या मुळाशी तेच आहेत आणि गैरहजर राहून सुटतातही तेच. पण रिकाम्या खुर्चीवर परिच्छेद लिहिण्याची पद्धत नाही. गावातल्या सामंताला 'साधाभोळा' म्हणा. साक्षीत तो हातातल्या कादंबरीतला मजकूर दडपून देतो आणि तोच बेणारेच्या गळ्याशी येतो, या भानगडीत पडू नका.

निकालाशी सर्वांत जपून. आरोप भ्रूणहत्येचा आणि कोर्ट फर्मावतं ते गर्भ नष्ट करायला! ही विसंगती लिहिलीत की हे कोर्ट गुन्ह्याचा न्याय करतंय की गुन्हाच करतंय, असा प्रश्न उभा राहतो. मग संवाद शोधा, पुरावे द्या. त्यापेक्षा 'समाजाच्या दांभिकतेवर प्रखर प्रकाश टाकला आहे' हे वाक्य घ्या. ते 'शारदा'पासून 'घाशीराम'पर्यंत कुठेही बसतं, आणि तपासणाऱ्याच्या नजरेला त्याची इतकी सवय असते की लाल पेन तिथे थांबत नाही.

बेणारेचं लांबलचक स्वगत 'हृदयस्पर्शी' ठरवून मोकळे व्हा. ती बोलत असताना बाकीचे सगळे गोठून उभे असतात. म्हणजे तिचं म्हणणं त्या कोर्टात कोणी ऐकलं तरी का, ही चौकशी परीक्षेला येत नाही.

या रीतीने लिहिलेला निबंध पास होतो, हे मी छातीठोक सांगतो. फारच हौस असेल आणि मूळ नाटकच हवं असेल, तर ग्रंथालयात कपाट धुंडाळू नका. त्या कडीपाशी अडकलेल्या विद्यार्थ्याला गाठा. प्रत त्याच्याकडे आहे, आणि त्याने दंड भरायची तयारी ठेवली आहे.